दुसऱ्याच्या देहावरचं वैराग्य

पन्नाशी ओलांडलेली बाई न्हाणीत पाय घसरून पडते, पडताना हात पुढे टेकते आणि मनगट मोडतं. नांदेड-लातूरकडच्या गावांत हे इतकं नेहमीचं आहे की त्याची कुणी फारशी दखलही घेत नाही. सूज चढायच्या आत बांगड्या उतरवाव्या लागतात. निघत नसतील तर वाढवाव्या लागतात, आणि हात ठणकत असतानाही पुष्कळ जणींचा जीव आधी त्या बांगड्यांत अडकतो. मग हाडवैद्याकडे कामट्यांची पट्टी, नाहीतर दवाखान्यात पाच-सहा आठवड्यांचं प्लास्टर. समाचाराला आलेली माणसं दोनच गोष्टी बोलून जातात: आता वय झालं, आणि भोग आहेत, भोगल्यावाचून सुटका नाही. पहिल्या बोलण्यात निदान थोडंफार शरीरशास्त्र आहे. दुसरं धर्माच्या नावाने बोललं जातं, आणि त्यानंतर कुणी काही विचारत नाही, म्हणून मला त्याच्याबद्दल लिहायचं आहे. देह नाशवंत आहे ही शिकवण मनापासून मानणाऱ्या माणसाने घरातल्या बाईच्या झिजत चाललेल्या हाडांकडे कसं पाहावं? माझं म्हणणं असं, की वैराग्य ज्याचं त्याने स्वतःच्या देहाबद्दल धरायचं असतं. दुसऱ्याच्या देहाबद्दल धरलेल्या वैराग्याला हेळसांड म्हणतात, आणि मराठवाड्यात नांदलेल्या कुठल्याही धर्मपरंपरेत तिला खरा आधार सापडत नाही.

आधी मनगट नेमकं काय सांगतं ते पाहू. हाड हा मेलेला पदार्थ नाही. ते रोज थोडं खरवडलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. बाईच्या शरीरात या खरवडण्याला इस्ट्रोजेन हे संप्रेरक आवर घालतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, खरवडणं भरण्याच्या पुढे जातं, आणि पहिल्या पाच-सात वर्षांतच हाडाचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळिशीच्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी, म्हणजे ही झीजही तितकीच आधी सुरू होते. अंगठ्याच्या बाजूचं हाताचं हाड मनगटाशी रुंद होतं. तिथे वरचं कवच पातळ आणि आत जाळी असते, आणि झीज अशा जाळीदार हाडाला सगळ्यांत आधी खाते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी या मोडण्याचं वर्णन १८१४ साली केलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ऐंशी वर्षं होती. हे हाड मोडण्याचं प्रमाण पन्नाशीपासून पासष्टीपर्यंत चढत जातं आणि मग बरंचसं स्थिरावतं. कारण विचार करण्याजोगं आहे. या वयाच्या बाईचं शरीर पडताना हात पुढे करण्याइतकं अजून चपळ असतं. पुढे सत्तरी-पंचाहत्तरीत हात वेळेवर पुढे येत नाही, ती कुशीवर पडते आणि खुबा मोडतो. मनगट मोडलेल्या बाईला पुढे खुब्याचं किंवा मणक्याचं हाड मोडण्याचा धोका बरोबरीच्या बायकांच्या दीडपट ते दुप्पट असतो. आणि खुबा मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी सुमारे पाचातलं एक वर्षभरात दगावतं, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलेलं आहे. मनगट आणि खुबा यांच्यामध्ये बहुधा दहा-पंधरा वर्षांचं अंतर असतं. या काळात खाण्यात, औषधात, चालण्याफिरण्यात, न्हाणीच्या फरशीत बदल करता येतो. भोग म्हणून विषय मिटवला की ही दहा-पंधरा वर्षं हातची जातात, आणि त्या बोलण्यावरचा माझा पहिला आक्षेप हाच आहे.

कर्मसिद्धान्त मानणारा यावर म्हणेल की जे व्हायचं ते होणारच होतं. हा विचार खोटा म्हणून उडवून लावायची गरज मला वाटत नाही, कारण लातूर जिल्ह्यानेच त्याची परीक्षा फार मोठी किंमत देऊन घेतली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली असताना, किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेतली आठ-दहा हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. बांधकाम चांगलं असतं तर एवढ्या धक्क्याने एवढी माणसं गेली नसती. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड, एकमेकांत नीट न सांधलेल्या भिंतींखाली आणि वरच्या माळवदाच्या टनावारी मातीखाली. त्या वेळी देवाचा कोप म्हणणारे होते, पापाचा घडा भरला म्हणणारेही होते. पण गावं पुन्हा उभी करताना कुणी असं म्हटलं नाही की हा आपला भोग आहे, तेव्हा तशाच भिंती पुन्हा रचा. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, घरांना भूकंपात तग धरतील असे पट्टे घातले गेले, आणि कट्टर दैववादी माणूसही त्या घरांत राहायला गेला. जमीन हलणं आपल्या हातात नव्हतं, भिंत होती, हे सगळ्यांना न सांगता कळलं. पाळी जाणं, वय होणं हे तसंच आपल्या हाताबाहेरचं आहे. पण तिच्या ताटात काय पडलं, मनगट मोडल्यावर हाडांच्या डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारला की नाही, न्हाणीत धरायला दांडी बसवली की नाही, हे सगळं भिंतीच्या बाजूचं आहे. आपल्याकडच्या वेदान्तातही प्रारब्धाच्या शेजारी क्रियमाण कर्म मांडलेलं आहे. जे फळायला लागलं ते भोगायचं आणि जे हातात आहे ते करायचं, असा तो हिशेब आहे. अर्धा हिशेब सांगून उठणाऱ्याने कर्मसिद्धान्ताचा आधार घेऊ नये.

याहून अवघड आक्षेप वैराग्याचा आहे. देहाचे चोचले पुरवू नका, हे आज ना उद्या गळून पडणारं कातडं आहे, असं संतांनी पुनःपुन्हा बजावलं. मग म्हातारपणी हाडांची घनता मोजत बसणं ही देहासक्तीच नव्हे का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो घेणारी माणसं प्रामाणिक असतात आणि त्यांतल्या पुष्कळ जणी स्वतः म्हाताऱ्या बायकाच असतात. नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे दत्तात्रेयांचं स्थान. भागवताच्या अकराव्या स्कंधात ज्या अवधूताने चोवीस गुरू केले, तो परंपरेने दत्तात्रेयच मानला जातो, आणि तो अवधूत शेवटी स्वतःच्या देहालाही गुरू म्हणतो, कारण विवेक आणि विरक्ती देहानेच शिकवली. पैठणच्या एकनाथांनी याच स्कंधावर १५७३ मध्ये टीका पूर्ण केली. तिथे त्यांनी देहाबद्दल दोन्ही बाजूंनी सावध केलं आहे: ओंगळ म्हणून फेकला तर मोक्षच हातचा जातो, देखणा म्हणून कवटाळला तर अधोगती ठरलेली. म्हणजे देह जपायचा, पण त्याच्याकडून काम करून घेण्यासाठी. आणि अवधूत बोलतो आहे तो आपल्या देहाविषयी. गावात एखादी म्हातारी पडली असेल तर तिच्याकडे पाहून नाशवंततेचा धडा घ्या, असं तो सांगत नाही.

व्यवहारात हे वैराग्य कुणाच्या वाट्याला येतं ते पाहिलं की त्याची पारख होते. त्याच घरात कर्त्या पुरुषाच्या हृदयाच्या नळीत अडथळा निघाला तर जमीन गहाण टाकून लातूर नाहीतर हैदराबाद गाठतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा देह नाशवंत असल्याची आठवण कुणाला येत नाही. म्हशीचं दूध डेअरीला जातं, उरलेलं नातवांना आणि कामावर जाणाऱ्याला. म्हातारीच्या कपात चहापुरतं. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत म्हटलं आहे. आपली ज्वारीची भाकरी पोट भरते, ताकद देते, पण शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असतं जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम. बाकीचं दूध, दही, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांतूनच यायचं. उन्हाळा भाजून काढणाऱ्या या मुलखात ड जीवनसत्त्वाची कमतरता कशी, असंही विचारलं जातं. पण म्हातारी कातडी तेवढ्याच उन्हातून तरुण कातडीपेक्षा खूप कमी जीवनसत्त्व बनवते, आणि शेतकाम सुटून घरात बसलेली बाई पदराआड, सावलीतच असते. हे सगळं ठरतं स्वयंपाकघरात आणि घराच्या पैशांच्या हिशेबात. तिथे घेतलेल्या निर्णयांना नंतर कुणी वैराग्याचं नाव दिलं तर ते नाव खोटं आहे.

उपासांचा विषय इथे टाळता येत नाही. पण एक गोष्ट आधी स्वच्छ सांगितली पाहिजे. उपासांनी हाडं मोडतात असं म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि बायकांच्या श्रद्धेला दोषी ठरवून मोकळं होणं हा आळस आहे. याहून फार मोठी कारणं उघड्यावर पडलेली आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि ब्याऐंशी हजारांवर बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत चाळिशीच्या आतल्याही होत्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली गेली तर बाईची पाळी एका दिवसात जाते आणि हाडांची झीज दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होते. अंडाशयं ठेवली तरी ती पुष्कळदा लवकर थकतात. मुखेड, कंधार, जळकोटच्या डोंगरपट्ट्यातूनही ऊसतोडीच्या टोळ्या जातात. या बायका साठीला येतील तेव्हा त्यांच्या मनगटांना आणि खुब्यांना काय होईल, हा प्रश्न आजच विचारायला हवा. कोयता, मुकादमाची उचल आणि रजा घेतल्यास कापला जाणारा पैसा यांनी जे केलं, ते पूर्वजन्मावर ढकलणं मला अधर्म वाटतो.

तरीही उपासांबद्दल बोललं पाहिजे, कारण आधीच कमी जेवणाऱ्या बाईचं जेवण एकादशी, चतुर्थी, सोमवार, नवरात्र, हरतालिका यांतून आणखी कमी होतं, आणि साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. हरतालिकेचं मूळ पार्वतीच्या तपात आहे. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात पार्वती झाडाची गळालेली पानं खाणंही सोडते, म्हणून तिला अपर्णा म्हणतात. तेव्हा बटूच्या वेशात आलेला शंकर तिला अगदी साधा प्रश्न विचारतो: हे तप तुझ्या शक्तीच्या बेताने चाललं आहे ना, कारण धर्म साधायचं पहिलं साधन शरीरच. हे वचन आपण व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवतो आणि ते एका उपाशी बाईला विचारलेल्या काळजीच्या प्रश्नात आलं आहे हे विसरतो. गीतेचा सतरावा अध्याय तर त्याहून कडक आहे. शास्त्रात नसलेली घोर तपं करून शरीर कृश करणारे आत राहणाऱ्या मलाच पीडा देतात, असं भगवंत म्हणतात आणि अशांचा निश्चय आसुरी ठरवतात. व्रतनिर्णयाच्या ग्रंथांत परंपरेने सांगितलेल्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, कंदमुळं, फळं, दूध त्यांत आहे, गुरूचा शब्द आहे आणि औषधही आहे. दुधाचा पेला आणि कॅल्शियमची गोळी या दोन्हींना शास्त्राने आधीच वाट करून दिलेली आहे. नांदेडातल्या मुस्लिम घरांत हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण आजाऱ्याला रोज्यातून सूट कुराणातच आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये ज्या गावी देह ठेवला, तिथल्या हुजूर साहिबच्या परंपरेत उपासाला पुण्य मानतच नाहीत. तिथे पुण्य आहे ते हातांनी केलेल्या सेवेत. आणि या दोन्ही जिल्ह्यांतल्या हजारो बौद्ध घरांना ठाऊक आहे की सिद्धार्थाने हाडांचा सापळा होईपर्यंतचं तप व्यर्थ म्हणून सोडलं आणि सुजातेच्या हातची खीर घेतली.

इथे कुणी जाणकार मला अडवेल. तो म्हणेल, सोयीची वचनं वेचू नका; बटूचा प्रश्न ही परीक्षा होती, पार्वतीने तप सोडलं नाही आणि शेवटी तपानेच तिला शंकर मिळाला. आक्षेप खरा आहे. पण कथा नीट पाहिली तर पार्वती बटूचं जे खोडून काढते ती त्याने केलेली शंकराची निंदा. शरीराविषयीच्या प्रश्नाला तिने कुठे चूक म्हटलेलं नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की ते तप तिचं होतं. आई मेना नको-नको म्हणत असताना, स्वतःला हवं ते मिळवण्यासाठी तिने ते निवडलं. एखादी बाई अशीच, जाणून-उमजून, आपल्या देहाचं काय करायचं ते ठरवत असेल तर मी तिच्यापुढे हात जोडीन आणि गप्प बसेन. मात्र तिला जाणून-उमजून ठरवता यावं यासाठी तिच्या मनगटाचा अर्थ तिला कुणीतरी सांगितलेला असला पाहिजे. प्लास्टर निघताना तुमची हाडं ठिसूळ झाली आहेत, पुढे खुब्याला धोका आहे, हे जिला कधी सांगितलंच गेलं नाही, तिच्या मुकाट सोसण्याला स्वेच्छेचं तप म्हणता येणार नाही.

शरीर हे धर्माचं साधन हे वचन मनगटापाशी अगदी शब्दशः खरं होतं. वाकडं जुळलेलं मनगट पुष्कळदा तळवा पूर्ण वर फिरू देत नाही. लातूर-उदगीरकडच्या लिंगायत बाईची रोजची पूजा डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवून होते. तळवाच उताणा झाला नाही तर लिंग ठेवायचं कशावर? नमाजातल्या सजद्यात दोन्ही तळवे जमिनीवर टेकावे लागतात, म्हणजे मनगट मागे वाकलं पाहिजे. अर्घ्य देणारी ओंजळ, वारीतला टाळ, लंगरातली लाटलेली पोळी, सगळं तिथेच येऊन थांबतं. भाकरी थापणं आणि लुगडं पिळणं तर दूरच. देह क्षुद्र मानून आत्म्याची सोय पाहतो म्हणणाऱ्याने निदान या बाईची पूजा कशी चालणार याचा विचार केला पाहिजे.

गंगाखेडच्या जनाबाईची परंपरा या बाबतीत मला सगळ्यांत थेट वाटते. नांदेड आणि लातूर दोन्हींकडून जवळ असलेल्या गोदाकाठच्या या गावातली ही दासी. तिच्या नावावरच्या अभंगांत आणि लोकांच्या आठवणीत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, झाडतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो. जात्याचा खुंटा धरून तासन् तास ओढणं म्हणजे मनगटाचं काय होतं हे जिने दळलं तिलाच ठाऊक. दळण हा तुझा भोग आहे, असं देव तिला सांगू शकला असता. त्याच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा होता? त्याने खुंट्याला हात लावला. जनाबाई देहाची पर्वा न करणारी भक्त असेल, पण तिच्या देहाची पर्वा देवाला होती, आणि वारकरी माणूस आपल्या देवापेक्षा अधिक विरक्त होऊ शकत नाही.

शेवटचा आक्षेप गरिबीचा. हाडांची घनता मोजणारं डेक्सा यंत्र तालुक्याच्या गावी नाही, तपासणीला पैसे लागतात, मग हे तत्त्वज्ञान काय कामाचं? यात तथ्य आहे, आणि नांदेडच्या विष्णुपुरीचं आणि लातूरचं अशी दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या भागात ही सोय सहज मिळावी हे मागणं रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठिसूळपणाची रेषा उणे अडीच या आकड्यावर आखली, ती या यंत्राच्या मोजणीवरच. पण पन्नाशीनंतर उभ्याने पडून मोडलेलं मनगट हीच एक तपासणी आहे आणि ती फुकट झालेली असते. तिच्यानंतर ठिसूळपणाचे उपचार करायचे का, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारता येतं. अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी वर्षानुवर्षं वापरातली आहे आणि फार महाग नाही. ती आठवड्यातून एकदा, सकाळी रिकाम्या पोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. असले नेम पाळणं जन्मभर व्रतं केलेल्या बाईला मुळीच जड जाणार नाही. ताटाचंही तसंच. लातूरकडच्या येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात जेवण होतं त्यात डाळी आणि पालेभाज्यांची भज्जी, आंबील, तिळाची पोळी असते, आणि त्या दिवशी बाईने अर्धपोटी राहावं असं कुणी म्हणत नाही. धर्माने ते ताटही दिलेलं आहे. एकादशीला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि पेलाभर दूध चालतं, औषधाने व्रत मोडत नाही, हे गावच्या सप्ताहात कीर्तनकाराने सांगितलं तर डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा ते अधिक घरांत ऐकलं जाईल. आणि ते सांगताना त्याने मंडपात पुढे बसलेल्या पुरुषांकडे पाहून सांगावं, कारण दूध डेअरीला किती घालायचं आणि घरात किती ठेवायचं ते तेच ठरवतात.